बिनचेंडूचा झेल

पाड्यूका, केंटकी
१२ मार्च १९७३

थिओटिस,

पत्ता बरोबर असेल तर हे पाकीट तुझ्या हातात पडेल, आणि पडलं की तू आधी ते उलटं करून पाठवणाऱ्याचं नाव बघशील. मिसेस अर्झेलिया ब्रुक्स. ब्रुक्स कोण ते तुला कळायचं नाही. मी टॉलिव्हरांची अर्झेलिया. अँब्रोझ टॉलिव्हर, शवपेट्या आणि अंत्यविधी, सातवा रस्ता. आठवत नसेल तर पत्र इथंच फाडून टाक, कारण पुढं सगळे प्रश्नच आहेत.

पस्तीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही, म्हणजे तेवढ्यापुरती आपली बरोबरी आहे. आत्ता लिहायला बसले त्याचं कारण हॅनमन नावाचा एक तरुण. विद्यापीठातून येतो. गोरा आहे, कानापासून हनुवटीपर्यंत कल्ले, आणि माझ्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसतो. आपल्याला गोऱ्यांच्या संघांत घेत नव्हते त्या काळातले आपल्या संघांचे सामने तो गोळा करतोय. म्हातारे शोधतो, वर्तमानपत्रं शोधतो. तुझा पत्ता त्यानंच दिला, कुणा जुन्या कॅचरकडून मिळाला म्हणे. त्याला कुणीतरी सांगितलं की पाड्यूकाच्या निळ्या बगळ्यांची नोंदवही, एकूण एक चेंडूची, एका बाईपाशी आहे. खोटं नाही. सात मोसम मी पपांच्या संघाचा खेळ पेन्सिलीनं टिपला आणि सातही वह्या माझ्या पलंगाखाली बिस्किटांच्या डब्यात आहेत.

हॅनमननं वही उघडली ती ३ सप्टेंबर १९३८ वर. तू असतास तर तुझीही तिथंच उघडली असती.

जॅक्सनच्या टायगर्सविरुद्धचा सामना. चेंडू टाकायला आमचा होझिया, पिचर. नऊ डावांत त्यानं एकालाही फटका मारून बेसवर पोचू दिलं नाही. आम्ही एक, ते शून्य. हॅनमन म्हणतो, असे बिनफटक्याचे सामने आपल्या लोकांनी बरेच खेळले असतील, पण ज्यांची पूर्ण नोंद हातात आहे असे बोटांवर मोजण्याइतके. तो पुस्तक छापणार आहे. त्यात होझियाचं नाव येणार. फक्त नवव्या डावातल्या एका रकान्यावर त्यानं बोट ठेवलं.

“मॅडम, हा ई-आठ पक्का ना?”

ई म्हणजे चूक आणि आठ म्हणजे मधल्या मैदानातला खेळाडू. म्हणजे तू. उंच गेलेला चेंडू तुझ्यामागं पडला, त्यांचा माणूस दुसऱ्या बेसवर पोचला, आणि मी लिहिलं की हा त्याचा फटका नव्हे, थिओटिस गेन्सची चूक. म्हणून होझियाचा सामना बिनफटक्याचा राहिला. फटका लिहिला असता तर तो सामना इतर शंभर सामन्यांसारखाच झाला असता.

मी हॅनमनला म्हटलं, मेअखेर सांगते. तो म्हणाला, “पस्तीस वर्षं झाली, अजून विचार करायचाय?” पोरगा चुणचुणीत आहे.

होझिया माझ्याकडेच असतो, बहिणीकडे, मागच्या खोलीत. साखरेनं गेल्या वर्षी डावा पाय घेतला. केस कापायचं दुकान विकलं, पण भिंतीवरची चौकट तेवढी घेऊन आला. त्यात त्या सामन्याचं साप्ताहिकातलं कात्रण आहे. तीसेक वर्षं त्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसानं ते ऐकलंय, गळ्याशी वस्तरा असताना नाही कोण म्हणणार? ही एक गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली तर त्याच्यापाशी काय उरेल, याचा विचार मला करवत नाही.

पण वही खोटी असेल तर तेही मला करवत नाही. मी तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलंय. चुकीच्या कपाटात पुस्तक दिसलं तर मला जेवण जात नाही.

म्हणून एकच विचारते. तो चेंडू तुला मिळण्यासारखा होता का? तू दोन पावलं डावीकडं उभा राहून हात वर केलास, हातमोजा मिटलास, फेकायला खांदासुद्धा मागं नेलास. चेंडू पाठीमागं धपकन पडला. लोक हसले. तू बिनचेंडूचा खेळ करून दाखवतोयस असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. होझियाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी हा विदूषकपणा कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

आणि एक सांगून टाकते. ई-आठ मी माझ्या मनानं लिहिलं नव्हतं. पपा माझ्या खुर्चीमागं उभे होते. ते वाकून म्हणाले, “झेलिया, चूक लिही.” पपांपुढं कुणाची टाप होती!

अर्झेलिया


पाड्यूका
९ एप्रिल १९७३

थिओटिस,

तुझं पत्र आलं. चार ओळी! तिकिटाचे पैसे तरी वसूल करायचे होतेस. अक्षर मात्र सुरेख आलंय, पूर्वी तू कोंबडीनं उकरल्यासारखं लिहायचास. मेक्सिकोनं सुधारलं म्हणायचं.

चार ओळींत तू मला पकडलंस. “त्या दिवशी आम्ही अकराजण एकाच गाडीत कोंबून मैदानावर आलो. दुसरी गाडी मयताला गेली होती. मयत असलं की तुझे वडील गाडीबरोबर जायचे. ते मैदानावर नव्हते. तुला कुणी सांगितलं?”

मी पपांचं रजिस्टर काढलं. खरंच की. ३ सप्टेंबर, मिसेस लुएला पेटीग्रू, वय एक्याऐंशी, दुपारी तीन. पपा कबरस्तानात होते. मी त्यांना माझ्या खुर्चीमागं इतकी वर्षं उभं केलंय की मला त्यांच्या सिगारचा वाससुद्धा येत होता. खोटं बोलायचं तर मयताच्या गाड्यांचा हिशोब ठेवून बोलावं, हे शवपेट्या विकणाऱ्याच्या लेकीला कळायला हवं होतं.

काय गाड्या होत्या त्या, नाही? बाकीचे संघ मोडक्या बसमधून फिरायचे आणि पोलिसांनी अडवलं की रात्रभर चौकीत. आपण पडदे लावलेल्या लांब काळ्या गाड्यांतून. समोरून येणारे गोरे टोप्या काढायचे. पेटीच्या जागी बॅटींची पोती आणि त्यावर आपला तो आडवातिडवा कॅचर घोरत पडलेला. एकदा पेट्रोलपंपावर त्या माणसानं संडास वापरायला नाही म्हटलं, पण मयताला मान म्हणून स्वतःची टोपी काढून छातीशी धरली, आणि तेवढ्यात आतून कॅचर शिंकला. तो माणूस अजून पळतोय म्हणतात.

असो. मला कुणीही सांगितलं नव्हतं. ई-आठ मी लिहिलं, माझ्या हातानं, आणि रागानं लिहिलं.

राग कसला तेही सांगते, आता लाजून काय करायचं, सत्तावन्न वर्षांची आहे मी. सामन्याआधी तुम्ही बिनचेंडूचा खेळ केलात. तो तर लोक सामन्यापेक्षा जास्त आवडीनं बघायचे. चेंडू नाहीच, पण फेकताहेत, झेलताहेत, धूळ उडतेय, आणि पोरं शपथेवर सांगायची की मोज्यात चेंडू आपटल्याचा आवाज आला. तुझ्यासारखा तो खेळ कुणाला जमत नव्हता. तो संपवून तू माझ्या टेबलावरून गेलास. मी पिवळा झगा घातला होता, मुद्दाम. हात हलवला. तू चार हातांवरून निघून गेलास आणि पलीकडच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकांना टोपी काढून नमस्कार केलास. ऑक्टोबरमध्ये आपलं लग्न होतं, थिओटिस! उन्हाळाभर तू तेच करत होतास. देवळात मी येऊन बाकावर बसले की तू उठून माझ्या दुसऱ्या बाजूला बसायचास. मी डावीकडून बोलले तर ऐकल्यासारखं करून मान पूर्ण वळवायचास, घुबडासारखी. मला वाटायचं, याचं मन उडालंय आणि सांगायची छाती नाही.

म्हणून नवव्या डावात तो चेंडू पडला, लोक हसले, आणि माझी पेन्सिल आपोआप चालली. साप्ताहिकाला तार मीच केली. पुढच्या शनिवारी छापून आलं, गेन्सची चूक. त्यानंतर तीन आठवड्यांनी तू गेलास. चिठ्ठी दोन ओळींची, “मेक्सिकोला काम मिळालंय, वाट बघू नकोस.” आणि आमच्या ओसरीवर तुझा झेल घ्यायचा मोजा. मला वाटलं, ते तू माझ्या तोंडावर फेकलंस. एका अक्षरापायी माणूस निघून गेला, हे मी पस्तीस वर्षं धरून चाललेय. १९४१ मध्ये मिस्टर ब्रुक्सशी लग्न केलं. मालवाहू बोटीवर आचारी होते. फार चांगला माणूस, बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, सात वर्षांपूर्वी गेले. लग्नाच्या दिवशीसुद्धा देवळाच्या पायऱ्यांवरून मी आधी स्टेशनच्या रस्त्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे.

पण आता मला वेगळीच शंका येतेय. तुझं पत्र आल्यावर मी आख्खी १९३८ ची वही काढून बसले. भाजी करपली. होझिया मागून ओरडतोय, “बाई, घर जाळायचंय का?” ऐकतंय कोण!

१२ जून. दुपारचा सामना, परगावी. तू उजव्या हातानं खेळायला उभा आणि त्यांच्या पिचरचा चेंडू तुला लागला, डाव्या कानशिलावर. तेव्हा डोक्याला टोप कुठले! मी समासात बारीक लिहिलंय, “हसला. स्वतः चालत गेला.” त्या गावात आपल्या माणसाला हात लावणारा डॉक्टर नव्हता, एवढं मला आठवतं. बर्फ कुणीतरी मासेवाल्याकडून आणला होता.

१९ जूनपासून तू डाव्या हातानं खेळतोयस. आम्ही म्हणायचो, गेन्सला नवं खूळ लागलं. ते खूळ होतं का? उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा डोळा पिचरकडं असतो. डाव्या हातानं खेळणाऱ्याचा उजवा. हे मला काल, जेवता जेवता, काटा तोंडाशी असताना सुचलं.

आणि जुलैपासून मधल्या मैदानात तुझ्यावर आलेला प्रत्येक उंच चेंडू तू धावत जाऊन जमिनीवरून उचललायस, एक टप्पा पडू देऊन. त्याआधी तू असले झेल एका हातानं, पोरींकडं बघत घ्यायचास. मोजले मी. एकवीस.

आणि तो मोजा. खेळायला जाणारा माणूस आपला मोजा ओसरीवर टाकून का जाईल?

थिओटिस, पाणी कुठं मुरतंय ते मला दिसायला लागलंय, पण नोंदणी करणाऱ्यानं अंदाज लिहायचा नसतो. तू सांग. चार ओळींत नको.

अर्झेलिया


पाड्यूका
६ मे १९७३

थिओटिस, गाढवा,

दोन दिवस मी तुझं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. दोन दिवस स्वतःशीच भांडले. आज तुझ्याशी भांडते.

“डाव्या डोळ्यापुढं आधी धुकं, मग काहीच नाही.” एवढी गोष्ट तू जूनपासून आजपर्यंत लपवलीस! मी तुझ्या उजव्या बाजूला दिसावं म्हणून तू जागा बदलत होतास, आणि मी समजत होते की तुला माझ्याशेजारी बसायचं नाही. कुंपणापाशी कोण बायका उभ्या होत्या हेही तुला ठाऊक नव्हतं, तू नुसत्या आवाजाला टोपी काढलीस! मी तुझ्या डाव्या अंगाला पिवळा झगा घालून उभी होते, शहाण्या. तो झगा मी आठ रात्री शिवला होता.

आणि तो चेंडू. तू लिहिलंयस तसं मी पुन्हा पुन्हा वाचलं. “वर जाताना दिसला. खाली येताना किती लांब आहे ते कळेना. एका डोळ्याला सगळं चित्रासारखं सपाट दिसतं. मी डोळा मिटला आणि बिनचेंडूच्या खेळात जसा घ्यायचो तसा घेतला. मोजा मिटल्यावर आवाज आला नाही, तेव्हा कळलं.” म्हणजे तो विदूषकपणा नव्हता. तू खरोखर झेलत होतास. लोक हसत होते आणि मी पेन्सिल दाबून लिहीत होते.

मला रडू आलं, लपवत नाही. मग राग आला, तोही लपवत नाही. “दुसराही डोळा हळूहळू जाईल असं आपल्या डॉक्टरांनी सांगितलं, तुझ्या हाताला धरून फिरायचं नव्हतं, म्हणून गेलो.” मला विचारलंस? माझा हात माझा होता की तुझा? मी नाही म्हटलं असतं किंवा हो म्हटलं असतं, पण म्हणायचं मी होतं. माझ्या वतीनं निकाल देऊन टाकलास आणि आगगाडीत बसलास. मी निदान जे पाहिलं ते लिहिलं.

आणि मग पुढचं वाचलं. ज्या अक्षरासाठी मी स्वतःला पस्तीस वर्षं कोसलं, त्याच अक्षरावर तू पोट भरलंस! तिकडच्या क्लबच्या माणसानं साप्ताहिकाचं कात्रण पाहिलं. तू लिहितोस, “फटका लिहिला असतास तर त्यानं विचारलं असतं, गेन्ससारख्याला तो चेंडू मिळाला कसा नाही? पाय गेले की डोळे? चूक म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, चूक कुणाकडूनही होते. चूक धडधाकट माणसाचीच मांडतात.” पहिल्या बेसवर चार मोसम खेळलास, तिथं चेंडू सरळ हातात येतो म्हणून. तिथला मोजा वेगळा, म्हणून जुना ओसरीवर. तो माझ्या तोंडावर फेकला नव्हतास. मला देऊन गेला होतास. सांगायचं तरी!

मग शेवटचा परिच्छेद. दुसऱ्या डोळ्यानं सत्तावन्न साली साथ सोडली. म्हणजे तुला काहीच दिसत नाही. म्हणजे ते सुरेख अक्षर तुझं नव्हेच. आणि खाली, त्याच अक्षरात, ताजा कलम:

“बाई, मी डोमितिला, त्यांची बायको. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते आणि उत्तरं मीच लिहिते. इंग्रजी त्यांनीच शिकवलं, म्हणून रागावण्याचे शब्द मला जास्त येतात. गाडीत कॅचर शिंकला ते तीन वेळा वाचायला लावलं. तुमच्या दुसऱ्या पत्रातली एक ओळ मात्र मी वाचली नाही. देवळाच्या पायऱ्यांची. त्यांना झोप लागली नसती आणि मग मलाही नाही. माफ करा.”

अरे देवा! माझं सगळं मन तुझ्या बायकोच्या तोंडून तुझ्याकडं गेलं! मी स्वयंपाकघरात एकटी लाल झाले. होझियानं विचारलं, “चूल पेटली की तू?”

त्याला मी सगळं वाचून दाखवलं. हो, तूच म्हणालास, नको सांगूस म्हणून. पण तो सामना त्याचाही आहे. त्यानं मान वळवून चौकटीकडं बघितलं. मग म्हणाला, “फटका लिही.”

“काय?”

“बहिरी झालीस? फटका लिही. ज्याला दिसत नाही त्याची चूक कसली? चूक म्हणजे जमण्यासारखं असून जमलं नाही ते. नियम तूच मला शिकवलास.”

“आणि तुझा सामना?”

“माझा सामना मी पस्तीस वर्षं खाल्ला. पोट भरलं.” मग भिंतीकडं तोंड करून, “गेन्सला सांग, त्या दिवशी मी त्याला शिव्या दिल्या होत्या. गाडीत. सगळ्यांसमोर. आमच्यात जागा नाही म्हणून तो बॅटींच्या पोत्यांवर बसून आला होता.”

त्यानं चौकट उतरवायला सांगितली. मी उतरवली नाही. रात्री तो जेवला नाही, मक्याची भाकरीसुद्धा तशीच.

आता बघ माझी दशा. होझिया म्हणतो फटका लिही. तू लिहितोस, “चूकच राहू दे. मला दोन डोळे होते असं सांगणारा तेवढा एकच कागद जगात आहे.” दोघं म्हातारे एकमेकांना ताट सरकवताहेत आणि वाढणारी मात्र मधल्यामध्ये उभी. वही माझी आहे. तुम्हा दोघांपैकी कुणाची नाही.

अर्झेलिया


पाड्यूका
२८ मे १९७३

डोमितिलाबाई,

हे पत्र तुम्हाला. वाचून दाखवायचं की नाही, किती दाखवायचं, तुम्ही ठरवा. गाळायची असेल ती ओळ गाळा. तुमच्या जागी मी असते तर ती ओळ वाचलीही असती आणि पत्र चुलीतही घातलं असतं. तुम्ही माझ्यापेक्षा भल्या आहात.

हॅनमन काल आला. या वेळी सोफ्यावर नीट मागं टेकून बसला. मी पीचची खीर दिली, दोन वाट्या खाल्ल्या. होझियाला मी चाकाच्या खुर्चीवर बसवून पुढच्या खोलीत आणलं होतं. तो दाढी करून, टाय लावून बसला होता. आपलं नाव खोडलं जाताना माणसानं नीटनेटकं असावं, असं म्हणाला.

हॅनमननं वही उघडली. “मग मॅडम, ई-आठ?”

मी आदल्या आठवड्यात खोडरबर घेऊन त्या पानापाशी तीनदा बसले होते, ते तुम्हाला सांगते. एकदा तर कोपरा पुसलाही. खालचा कागद पांढरा निघाला, बाकीचं पान पिवळं. तेवढ्या ठिपक्याकडं बघत बसले. मला सगळं कळून घ्यायचं होतं आणि आता कळलं होतं. पण मी त्या दिवशी जे बघितलं होतं त्यात डोळा नव्हता. एक देखणा माणूस होता, हात वर केलेला, आणि तो झेल घेणारच आहे याबद्दल मैदानात कुणालाही शंका नव्हती, मला तर नव्हतीच.

मी हॅनमनला म्हटलं, “पक्का. सोपा झेल होता. गेन्सनं असले हजार घेतले असतील. तो सुटला.”

“सूर्य डोळ्यांवर होता?”

“नाही. त्याची नजर गरुडाची होती. लिहून घ्या.”

त्यानं लिहून घेतलं. नजर गरुडाची. पुस्तकात येईल म्हणतो.

हॅनमन दाराबाहेर गेल्यावर होझिया म्हणाला, “झेलिया, तू देवळात जाणारी बाई.”

मी म्हटलं, “गप बस. बिनफटक्याचा सामना खेळलाय तू, जरा तोऱ्यात राहा.”

आज सकाळी त्यानं तीन अंडी खाल्ली आणि टपाल टाकायला आलेल्या माणसाला आत बोलावून चौकट दाखवली.

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. त्यात मोजा आहे. पस्तीस वर्षं मी त्याला दर हिवाळ्यात तेल लावलंय. का लावत होते ते विचारू नका, मिस्टर ब्रुक्सनीही विचारलं नाही. कातडं मऊ आहे. अंगठ्यापाशी एक टाका उसवलाय, तो तेव्हापासूनचाच, मी शिवला नाही.

तुमच्याकडं अंगण आहे असं त्यांनी लिहिलं होतं, लिंबाच्या झाडाचं. एक काम कराल? त्यांच्या हातात तो मोजा घाला. डाव्या. मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जा, आणि चेंडू घेऊ नका. नुसता हात मागं घ्या आणि जोरात, उंच फेका. फेकताना तोंडानं काही म्हणू नका, तुमच्या झग्याच्या बाहीचा आवाज त्यांना पुरेल. ते पळतील. पळू द्या, वाटेतल्या कुंड्या तेवढ्या हलवा.

मग मला लिहा, झेल कुठं घेतला. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

तुमची,
अर्झेलिया टॉलिव्हर ब्रुक्स